जुन्या मोबाइलची रिंगटोन एमपी३ होत नाही? नावावर जाऊ नका, फाइल उघडून बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. जुन्या हँडसेटमधलं किंवा मेमरी कार्डावरचं काहीतरी नव्या फोनवर वाजत नाही. घरातल्या कुणीतरी फाइलच्या नावापुढे एमपी३ लावून बघितलेलं असतं, दुसऱ्या कुणीतरी ती ऑनलाइन कन्व्हर्टरला दिलेली असते, आणि हाती येते एकतर शून्य केबीची फाइल नाहीतर दोन-तीन सेकंदांची खरखर. कधी एखादी फाइल जमून जाते. मग तीच रीत पुढच्या फाइलला लावली जाते आणि गाडी पुन्हा तिथेच अडते. म्हणून ही अडचण एकदा सुटली तरी संपत नाही.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ती जरा जास्तच येते, आणि त्याला कारण आहे. इथली माणसं कामाधंद्याला गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात, सोयरीक चंदगड-गडहिंग्लजला, बाजार बेळगावात. एका घरात एक नोकिया, एक सॅमसंग, एक सीडीएमएचा, म्हणजे वेगळ्या तऱ्हेच्या नेटवर्कवर चालणारा, हँडसेट आणि एक मोठ्या आवाजाचा चायना मोबाइल, असा सगळा संसार असायचा. हँडसेट बदलला की मेमरी कार्ड तेवढं काढून पुढच्यात घालायचं. खडेबाजारात पैसे देऊन कार्ड ‘भरून’ घेतलं की दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरचं जे असेल ते सगळं त्यात यायचं. त्यामुळे एकाच कार्डावर पाच कंपन्यांच्या पाच तऱ्हांच्या फाइली सापडतात. त्यातल्या बऱ्याच नुसत्या रिंगटोन असतात, गेल्या तरी चालतील अशा. पण त्यांच्यातच पारायणातलं कीर्तन, दिंडीतलं भजन, लग्नातल्या ओव्या, घरातल्या थोरल्या माणसाचा आवाज असं कुणीतरी फोनवर टिपून घेऊन तेच रिंगटोन म्हणून लावलेलं असतं. दुसरीकडे त्याची प्रत नसते. त्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी कार्डाची नक्कल, मग बाकी सगळं

कार्ड कॉम्प्युटरला लावायच्या आधी, ज्या मोठ्या खोक्यात छोटं कार्ड बसतं त्या अ‍ॅडॉप्टरच्या कडेला असलेलं छोटं बटण ‘लॉक’कडे सरकवा. तसं केलं की बहुतेक कार्ड रीडर त्या कार्डावर काही लिहू देत नाहीत. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो. मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून, रबराचा भुगा झटकून मगच लावा. विंडोजने ‘हे फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा. तो प्रश्न आला म्हणजे आतलं गेलं असं नाही, फक्त यादी वाचता येत नाही एवढंच. अशा वेळी फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम कार्डाच्या पोटातून फाइली उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. नाव फोटोंचं असलं तरी तो एएमआर आणि मिडी या रिंगटोनच्या फाइलीही ओळखतो. जुनी नावं मात्र परत मिळत नाहीत.

कार्ड वाचता आलं तर सगळंच्या सगळं एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि त्या फोल्डरला हात लावू नका. काम करायचं ते त्याच्या नकलेवर.

नकलेत एक गोष्ट लगेच करून टाका. मराठी-कन्नड अक्षरांची नावं, चौकोन-चौकोन दिसणारी नावं, मोकळ्या जागा आणि चिन्हं असलेली नावं बदलून साधी रोमन अक्षरं आणि आकडे ठेवा. जुन्या हँडसेटनी भारतीय लिप्यांतली नावं कशीही साठवलेली असतात, आणि काही कन्व्हर्टर नुसत्या नावावरूनच ‘फाइल सापडली नाही’ म्हणून मोकळे होतात. ही निम्मी लढाई नाही, पण पहिली अडचण यानेच दूर होते. कुठलं नाव बदलून काय ठेवलं ते वहीत लिहून ठेवा.

नाव खोटं बोलतं, पहिली अक्षरं बोलत नाहीत

माझ्या अनुभवात सगळा घोटाळा नावाच्या शेपटीतून होतो. विंडोजमध्ये ती शेपटी बऱ्याचदा लपलेली असते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दिसू द्या. मग ती शेपटी खरी आहे का ते तपासा, कारण नाव बदलल्याने आतलं काही बदलत नाही. एएमआरला एमपी३ म्हटलं तरी ते एएमआरच राहतं, आणि नवा फोन एमपी३ समजून वाचायला जातो आणि अडखळतो.

तपासायला एचएक्सडी हा फुकट हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम, घ्या. तो नसेल तर नोटपॅडने उघडलं तरी चालेल, फक्त बघून बंद करायचं. नोटपॅडमध्ये चुकूनही ‘सेव्ह’ करू नका, फाइल बिघडते. आत सगळी गिचमीड दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. अगदी सुरुवातीची चार-पाच अक्षरं वाचा.

हॅश, उद्गारचिन्ह आणि लगेच ए, एम, आर ही रोमन अक्षरं दिसली तर ती एएमआर, म्हणजे फोनच्या माइकवरून टिपलेला आवाज. त्यापुढे आडवी रेघ आणि डब्ल्यू, बी असेल तर तीच पण रुंद पट्ट्याची, जरा बऱ्या आवाजाची. एम, एम, एम, डी अशी चार अक्षरं म्हणजे यामाहाची एमएमएफ. सॅमसंग आणि एलजीच्या हँडसेटमध्ये ही भरपूर. एम, टी, एच, डी म्हणजे मिडी. आर, आय, एफ, एफ दिसलं तर तिथेच थांबू नका, नवव्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं बघा: वेव्ह लिहिलेलं असेल तर साधी वेव्ह फाइल, आणि क्यू, एल, सी, एम असेल तर क्यूसीपी, म्हणजे सीडीएमए हँडसेटमधलं रेकॉर्डिंग. पाचव्या अक्षरापासून एफ, टी, वाय, पी आणि पुढे ३, जी, पी असं काही असेल तर ती थ्रीजीपी. आणि उघडल्यावर गिचमीड नाहीच, सरळ वाचता येणारा मजकूर असेल, ‘बिगिन’ आणि ‘आयमेलडी’ असे शब्द किंवा दोन कोलन (:) चिन्हांनी तोडलेले तीन तुकडे, तर ती सुरांची लिहिलेली यादी आहे.

आवाज आहे की सुरावट?

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, आणि कन्व्हर्टर नेमकी हीच सांगत नाहीत. जुन्या रिंगटोनच्या दोन जाती आहेत. एका जातीत खरा आवाज साठवलेला असतो: एएमआर, क्यूसीपी, थ्रीजीपी, वेव्ह. दुसऱ्या जातीत आवाज नसतोच, कुठला सूर केव्हा आणि किती वेळ वाजवायचा याच्या सूचना असतात: मिडी, आयमेलडी, नोकियाची आरटीटीटीएल आणि बऱ्याचशा एमएमएफ. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याची नोटेशनची वही आणि त्या भजनाचं रेकॉर्डिंग यात जो फरक, तोच इथे आहे. वही कितीही वेळा ‘कन्व्हर्ट’ केली तरी तिच्यातून आवाज निघणार नाही. कुणीतरी पेटीवर बसून ती वाजवावी लागते. फोनमध्ये ते काम एक चिप करायची. कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाला तरी ते करायला लावायचं.

आकारावरूनही अंदाज येतो. एएमआर त्याच्या सगळ्यात चांगल्या दर्जात सेकंदाला १६०० बाइट खाते, मिनिटाला ९६,००० बाइट. चाळीस सेकंद वाजणारी टोन पाच-सहा केबीची असेल तर ती सुरावट आहे हे न उघडताच कळतं.

एएमआर: सोपी, पण तीन ठिकाणी अडवते

सरळ असलेली एएमआर व्हीएलसी या फुकट प्लेअरने होते. मीडिया मेनूत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’, तिथे ‘अ‍ॅड’ करून फाइल निवडा. यादीत दिसत नसेल तर खालच्या पट्टीत ‘ऑल फाइल्स’ करा. पुढच्या खिडकीत प्रोफाइल ‘ऑडिओ - एमपी३’, आणि ‘डेस्टिनेशन’मध्ये वेगळा फोल्डर, वेगळं नाव. मूळ फाइलचंच नाव तिथे दिलं तर मूळ फाइल पुसली जाते, तेवढं सांभाळा. फाइली भरपूर असतील किंवा आवाज थोडा सुधारायचा असेल तर ऑडॅसिटी हा आवाज टिपायचा-कापायचा प्रोग्राम बरा पडतो. फक्त त्याला एफएफएमपेग या नाना तऱ्हेच्या फाइली वाचणाऱ्या प्रोग्रामची लायब्ररी वेगळी बसवावी लागते, नाहीतर एएमआर उघडायला तो नकार देतो.

पहिला अडथळा: एमपी३ फोनवर वाजते पण देवळातल्या पेनड्राइव्हच्या स्पीकरवर वाजत नाही, किंवा चिरक्या घाईच्या आवाजात वाजते. एएमआरमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने असतात. काही कन्व्हर्टर एमपी३ सुद्धा त्याच ८०००ची बनवतात. इतका खालचा दर एमपी३च्या मूळ प्रमाणात बसत नाही, तो नंतर जोडलेल्या विस्तारात येतो, आणि स्वस्त प्लेअरना तो विस्तार ठाऊक नसतो. बनवताना सँपल रेट ४४,१०० निवडा, प्रश्न मिटतो. व्हीएलसीचं प्रोफाइल तसंच असतं. आवाज मोनो ठेवला तरी चालतो, ६४ केबीपीएस पुरेसं आहे. यापेक्षा जास्त दिल्याने फाइल फुगेल, आवाज तोच राहील.

दुसरा अडथळा: रेकॉर्डिंग मोठं होतं, पण एमपी३ मध्येच तुटते. इथे हिशेब उपयोगी पडतो. मूळ फाइल ४,८०,००६ बाइटची असेल तर सुरुवातीचे ६ बाइट सोडून उरलेल्याला १६००ने भागा. ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं यायला हवीत. एमपी३ दोन मिनिटांची निघाली तर मधला कुठला तरी तुकडा खराब आहे आणि कन्व्हर्टर तिथे थांबला आहे, पुढची तीन मिनिटं फाइलमध्ये अजून आहेत. (फोनने कमी दर्जात टिपलं असेल तर सेकंदाला १६०० पेक्षा कमी बाइट लागतात, म्हणजे रेकॉर्डिंग या हिशेबाहून मोठं निघेल. त्याची काळजी नको.)

ती तीन मिनिटं बाहेर काढता येतात. एएमआरचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत असतो, आणि चांगल्या दर्जात प्रत्येक तुकडा ३२ बाइटचा, ज्याचा पहिला बाइट ‘३सी’ असतो. उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात तो ‘पेक्षा लहान’ या चिन्हासारखा दिसतो. एचएक्सडीमध्ये एका ओळीत ३२ बाइट दाखवायला सांगितलं की ही चिन्हं एकाखाली एक सरळ उभी दिसतात, फक्त सुरुवातीच्या ६ बाइटांमुळे ओळीच्या आरंभापासून थोडी सरकलेली. जिथे ती उभी रांग मोडते, तिथे बिघाड आहे. रांग पुन्हा जिथून सुरू होते तिथपासून शेवटपर्यंतचा भाग उचलून नव्या फाइलमध्ये टाका, आणि सगळ्यांच्या आधी हे सहा बाइट लिहा: २३, २१, ४१, ४डी, ५२, ०ए. हेच ते हॅश, उद्गारचिन्ह, ए, एम, आर आणि ओळ संपल्याची खूण. सेव्ह करा, व्हीएलसीला द्या. फोटोरेकने उचललेल्या आणि सुरुवातच हरवलेल्या फाइलींनाही हेच औषध.

हे वाचायला किचकट वाटेल, पण त्या चिन्हांची रांग एकदा डोळ्यांनी बघितली की हात बसतो. जांबोटीकडच्या एक मावशी कार्ड घेऊन आल्या होत्या. ‘पोरानं नावं बदलून दिलं, तरी वाजंना झालंय बघ. आमच्या मामंजींचं भजन हाय त्यात.’ पोराने सगळ्याच फाइलींना एमपी३ लावलं होतं. उघडून बघितल्या तर बऱ्याचशांच्या तोंडाला एम, एम, एम, डी. एकीच्या तोंडाला मात्र काहीच ओळखीचं नव्हतं, नुसती शून्यं. थोडं खाली गेल्यावर चिन्हांची रांग सुरू झाली आणि फाइलच्या शेवटापर्यंत मोडली नाही. शून्यं काढली, सहा बाइट घातले. पहिल्यांदा कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, मग टाळ, मग म्हाताऱ्या आवाजातला अभंग. मावशी म्हणाल्या, ‘हा आमचाच तुळशीकट्टा.’

तिसरा अडथळा आवाजाचा आहे, आणि त्याला पूर्ण उपाय नाही. एएमआर बनवली गेली ती फोनवरच्या बोलण्यासाठी. १९९९ साली मोबाइलच्या प्रमाणात आली तेव्हा कुणी तिच्यावर भजन टिपेल असा विचार नव्हता. ती माणसाच्या स्वरयंत्राचा नमुना धरून आवाज साठवते आणि साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सोडून देते. म्हणून बोलणं स्वच्छ येतं, एकट्याचं गाणं बरं येतं, आणि टाळ-झांज वाजली की पाण्यात खळखळल्यासारखं होतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीतला ढोल तर ओळखूही येत नाही. जे टिपलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ऑडॅसिटीत ‘नॉर्मलाइज’ उणे १ डेसिबलला करून आवाज वर आणा, १०० हर्ट्झच्या खालची घरघर कापा, आणि थांबा. ‘नॉइज रिडक्शन’ जोरात लावलं की खरखरीबरोबर माणसाच्या आवाजातला जिवंतपणाही जातो. मी तरी ते लावत नाही.

क्यूसीपी आणि थ्रीजीपीचं फार सांगण्यासारखं नाही. दोन्ही एफएफएमपेगला वाचता येतात, म्हणजे ते बसवलेल्या ऑडॅसिटीलाही. क्यूसीपी यादीत दिसायची नाही, तिथेही ‘ऑल फाइल्स’ करा. तिला वेव्ह समजून नाव बदलू नका. सुरुवातीची चार अक्षरं सारखी असल्यामुळे काही प्रोग्राम फसतात आणि कानठळ्या बसतील अशी खरखर ऐकवतात.

मिडी: वाजते, पण ‘ती’ वाजत नाही

मिडी विंडोजच्या जुन्या मीडिया प्लेअरवर वाजते. तक्रार वेगळीच असते: ‘आमच्या फोनवर अशी नव्हती.’ बरोबर आहे. सूर तेच, वाजवणारा बदलला. फोनच्या चिपमध्ये वाद्यांचे छोटे, टोकदार आवाज होते, विंडोजमधला संच वेगळा आहे. शिवाय काही टोन अशा बनवलेल्या असायच्या की कमी ताकदीच्या फोनने काही सूरपट्ट्या गाळून टाकायच्या. कॉम्प्युटर त्या सगळ्या वाजवतो, म्हणून चाल भरगच्च वाटते.

फाइल बनवायला दोन वाटा आहेत. फ्लूइडसिंथ हा प्रोग्राम वाद्यांच्या संचाची फाइल, म्हणजे साउंडफाँट, घेऊन मिडीची थेट वेव्ह बनवतो. साउंडफाँट बदलून बघता येतो आणि जुन्या आवाजाच्या जवळ जाता येतं. दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती कशालाही चालते: ऑडॅसिटीत ‘विंडोज वॅसापी’ निवडा, रेकॉर्डिंगच्या जागी ज्या नावात ‘लूपबॅक’ आहे ते उपकरण घ्या, आणि मिडी वाजवा. कॉम्प्युटरच्या स्पीकरकडे जाणारा आवाज माइकशिवाय, खोलीतल्या आवाजाशिवाय जसाच्या तसा टिपला जातो. तेवढ्या वेळात बाकीच्या सूचनांचे आवाज बंद ठेवा, नाहीतर रिंगटोनमध्ये मेल आल्याची टिंग येते.

म्यूझस्कोअर या स्वरलिपी लिहायच्या प्रोग्राममध्येही मिडी उघडते आणि एमपी३ निघते, पण ते आधी सुरांना स्वरलिपीच्या मापात बसवतं. सरळ तालाची चाल असेल तर चालतं. लयीत मोकळी घेतलेली चाल असेल तर बिघडते.

नोकियाची लिहिलेली टोन

आरटीटीटीएल म्हणजे एका ओळीचा मजकूर. पहिला तुकडा नाव, दुसऱ्यात ठरलेली मापं, तिसऱ्यात सूर. मापांत डी म्हणजे सुराची लांबी, ओ म्हणजे सप्तक, बी म्हणजे मिनिटाला ठोके. बी १२० असेल तर चतुर्थांश सूर अर्ध्या सेकंदाचा. मापं दिलेलीच नसतील तर लांबी ४, सप्तक ६, ठोके ६३ धरायचे. इंटरनेटवरचे काही प्रोग्राम इथेच चुकतात आणि चाल सप्तकभर खाली किंवा दुप्पट वेगाने येते.

एक गंमत सांगतो, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते: अँड्रॉइड आरटीटीटीएल, आयमेलडी आणि मिडी तिन्ही वाचू शकतो, त्याच्या अधिकृत यादीत ती नावं आहेत. कॉम्प्युटरवर माथेफोड करण्याआधी फाइल सरळ अँड्रॉइडच्या ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये टाकून बघा. फक्त व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

नोकिया ११०० सारख्या फोनमध्ये स्वतः टोन बसवायचा कम्पोजर होता, पण फाइल बाहेर काढायला ना केबल ना ब्लूटूथ. त्यात कुणी स्वतः बसवलेली चाल असेल तर स्क्रीनवरचे सूर बघून कागदावर उतरवून घ्या आणि म्यूझस्कोअरमध्ये एक-एक करून घाला. तिथे कीबोर्डवर सुराचं अक्षर दाबलं की सूर उमटतो. लहानशा टोनला फार वेळ लागत नाही. एवढं लक्षात असू द्या की कम्पोजरमध्ये तीव्रतेचा हॅश सुराच्या आधी येतो आणि आरटीटीटीएलमध्ये नंतर. वाद्य निवडताना पियानो नको. जनरल मिडीतला ८१ क्रमांकाचा ‘स्क्वेअर लीड’ घ्या, त्या पीं-पीं आवाजाच्या तोच सगळ्यात जवळ.

एमएमएफ: इथेच सगळे अडतात

ऑनलाइन कन्व्हर्टरपैकी बरेचसे आतून एफएफएमपेगच वापरतात, आणि एफएफएमपेगला एमएमएफ अर्धवट येते. एमएमएफच्या पोटात दोन तऱ्हेचे कप्पे असू शकतात. एचएक्सडीत शोधा: ए, टी, आर ही अक्षरं सापडली तर आत खरा आवाज आहे आणि तो एफएफएमपेगने निघतो. एम, टी, आर सापडली तर सुरावट आहे, आणि एफएफएमपेग स्पष्ट सांगतं की मिडीसारखा प्रकार आहे, जमणार नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर तो निरोप तुमच्यापर्यंत पोचवत नाही, नुसतीच रिकामी फाइल हातात देतो. त्यामुळे एक एमएमएफ होते आणि शेजारची होत नाही याचं कोडं लोकांना वर्षानुवर्षं सुटत नाही. दोन्ही कप्पे असलेली फाइल आणखी फसवी: काही निघालंच तर चालीमधला ‘हॅलो’ किंवा टाळीचा तुकडा तेवढा निघतो आणि चाल गायब.

सुरावटीच्या एमएमएफला मी ज्याच्यावर भरवसा ठेवतो तो एकच उपाय आहे, तो म्हणजे मूळ हँडसेट. त्याच्यात यामाहाची चिप आहे, ती फाइल तिच्यासाठीच लिहिली गेली. घरात, शेजारी, पाहुण्यांकडे विचारा; माळ्यावर एखादा सॅमसंग किंवा एलजी निघतोच. बॅटरी फुगलेली असेल तर ती लावू नका, चार्जिंगला तर अजिबात नाही. नोकियाच्या बऱ्याच हँडसेटना लागणारी बीएल-५सी अजून सहज मिळते, कारण भजनाचे छोटे एफएम डबे तीच बॅटरी घेतात. सॅमसंग-एलजीची शोधावी लागते.

फोन सुरू झाला की स्पीकरसमोर दुसरा मोबाइल धरून टिपू नका. हेडफोनच्या जागेतून केबलने घ्या. जुन्या फोनचं भोक कंपनीगणिक वेगळं असायचं, तेव्हा त्या फोनबरोबर आलेला हेडसेट असेल तर त्याची वायर कापून ३.५ एमएमचा पिन जोडून घेता येतो, दुरुस्तीचं दुकान ते करून देतं. लॅपटॉपला एकच भोक असेल तर थेट त्यात घालू नका. साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवून सुरुवात करा, ऑडॅसिटीतली पट्टी लाल होणार नाही इतपत वर न्या. रिंगटोन ‘निवडा’ म्हटल्यावर जी ऐकू येते ती बहुतेक फोनमध्ये हेडफोनवरही येते. कॉल आल्यावर मात्र काही फोन स्पीकर चालू करतात, म्हणून निवडीच्या यादीतूनच वाजवा.

काही फाइली उघडायच्याच नाहीत

शेपटीत डीएम किंवा डीसीएफ असेल तर ती पैसे देऊन उतरवलेली, त्या फोनपुरती कुलूप लावलेली टोन आहे. ते कुलूप मोडायच्या मागे लागू नका. तुमच्या घरातलं रेकॉर्डिंग त्यात कधीच नसतं, कारण स्वतः टिपलेल्या आवाजाला फोन कुलूप लावत नाही.

आणि घरातल्या माणसांचे आवाज अनोळखी कन्व्हर्टरवर चढवू नका. वर सांगितलेले सगळे प्रोग्राम फुकट आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात.

झाल्यावर

मूळ एएमआर, एमएमएफ, मिडी टाकून देऊ नका, एमपी३ झाली तरी. खरी प्रत तीच. उद्या आणखी चांगली वाट निघाली तर तिच्यावरूनच जावं लागेल. एमपी३च्या नावात किंवा टॅगमध्ये कोण गातंय, गाव कुठलं, प्रसंग कुठला हे मराठीत लिहा. फाइलवरच्या तारखेवर विसंबू नका. बॅटरी काढली की कित्येक जुने फोन तारीख विसरायचे आणि पुन्हा पहिल्या जानेवारीपासून मोजायला लागायचे. घरातल्या मोठ्यांना ऐकवून विचारा, त्यांना आवाजावरून साल सांगता येतं.

अँड्रॉइडवर एमपी३ ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये टाकली की निवडीच्या यादीत येते. जुन्या आयओएसवरच्या आयफोनला एम४आर लागते, म्हणजे आतून एएसी या प्रकारचा आवाज. ती तीस सेकंदांच्या आत ठेवा. अभंगाचं ध्रुवपद त्यात बसतं.